डोंगर पेटला तेव्हा मी बोलत होतो

शनिवार-रविवारी कर्जतकडे गाडी वळवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमची आणि माझी एक तक्रार सारखी आहे. पावसाळ्यात ज्या डोंगराचे फोटो आपण चार जणांना दाखवतो, तोच डोंगर फेब्रुवारीत बघावा तर काळा पडलेला. गवत जळालेलं, झुडपांचे नुसते खुंट उरलेले. आपण गाडीच्या काचेतून बघतो आणि चिडून म्हणतो, दरवर्षी वणवा लागतो, तरी कोणीच कसं काही करत नाही?

हा प्रश्न मी किती सभागृहांत विचारला असेल, त्याची गणती नाही. निसर्ग हा माझ्या व्याख्यानांचा विषय आहे. आवाज बरा आहे, वाचन आहे, आणि समोरच्याला खुर्चीत खिळवून ठेवता येतं. या शेवटच्या गोष्टीचा मला फार अभिमान होता. हा ब्लॉग त्या अभिमानाबद्दल आहे. प्रवासाची माहितीही देतो, कारण शेवटी तुम्हाला तिकडे जायला सांगणार आहे.

जायचं ठरलं ते प्रसादच्या फोनमुळे. प्रसाद माझा जुना विद्यार्थी. खोपोलीजवळ साजगावात एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी कर्जत तालुक्यात भटकतो. म्हणाला, "सर, कळंबच्या पुढं एक गाव आहे. तिथली पाच-सहा माणसं सात वर्षं एक डोंगर राखतायत. वणवा लागू देत नाहीत. उन्हाळाभर पाळी लावून दुपारी वर बसतात. पण आता माणसं कमी पडतायत. एक मजेचा दिवस ठेवू या. खेळ, जेवण, आसपासच्या कॉलन्यांमधले लोक बोलवू. आलेल्यांतले दहा जण जरी कामाला लागले तरी झालं. आणि थोडं तुमचं भाषण."

"थोडं म्हणजे किती?"

"वीस मिनिटं, सर. खरंच वीस."

मी हसलो आणि हो म्हणालो.

शनिवार

पुण्याहून खोपोलीला एसटी सोयीची पडते. जुन्या घाटाने जाणारी गाडी मिळाली तर डावी खिडकी धरा. फेब्रुवारीत घाट कोरडा असतो, पण पळस फुलायला लागलेला असतो. दुपारी जेवून निघालो तर चहाच्या वेळेला खोपोलीत. स्टँडवर प्रसाद मोटरसायकल घेऊन उभा होता. तिथून साजगाव जवळच. कारखान्यांच्या भिंती, भिंतींना लागून शेतं, शेतांच्या कडेला भाड्याच्या खोल्यांच्या चाळी. हवेला एक आंबट वास असतो. पहिली दहा मिनिटं जाणवतो, मग नाक त्याला सरावतं.

प्रसादच्या खोलीत कार्यक्रमाचा कागद पुढ्यात घेऊन बसलो. सकाळी रस्सीखेच, लगोरी, पोत्यांची शर्यत. मग पोपटी. ती शिजेपर्यंत भाषण आणि डोंगर राखणाऱ्यांचा सत्कार. जेवण झाल्यावर नावनोंदणी.

सत्काराच्या यादीत चार नावं होती.

"पाच-सहा जण आहेत म्हणालास ना?"

"सुगंधामावशी रविवारी पाळीवर असते, सर. तिला संध्याकाळी घरी जाऊन शाल देऊ. रविवारी डोंगर सोडता येत नाही. रविवारीच बाहेरचे लोक येतात, खाली गाड्या लावतात, सिगरेटी ओढतात, चुली मांडतात."

मी कागद खाली ठेवला. "प्रसाद, लोकांना कामाला लावायचं तर त्यांच्यासमोर माणूस उभा करावा लागतो. सात वर्षं डोंगर राखणारी बाई व्यासपीठावर नसेल, तर मी बोलू कोणाकडे बोट दाखवून? एका दिवसाने काय होतंय?"

प्रसाद गप्प बसला. तो होकार आहे असं मी समजलो. माझ्यासमोर माणसं गप्प बसली की मला नेहमी तसंच वाटत आलं आहे. पेन घेऊन मी स्वतः पाचवं नाव लिहिलं.

रविवार

साजगावहून मोटरसायकलवर सकाळी लवकर निघालो. खोपोली ते कर्जत रस्ता चांगला आहे. कर्जतला स्टेशनबाहेर गरम वडापाव खाल्ला. तो चुकवू नका, पण एकावर थांबा, पुढे पोपटी आहे. तिथून नेरळ आणि नेरळहून कळंबचा रस्ता. स्वतःचं वाहन नसेल तर नेरळहून शेअर टमटम मिळते; भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा हातात तासभर जास्तीचा ठेवा. कळंबच्या आसपास रिसॉर्टच्या कमानी दिसायला लागतात. दोन कमानींच्या मधे एखादं भाताचं खाचर, त्यात बांधलेली म्हैस, आणि पाठीमागे डोंगर. ते डोंगर बहुतेक सगळे काळे होते. मी मागे बसून त्यांच्याकडे बघत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो.

आणि मग रस्ता वळला आणि तो डोंगर दिसला.

फार उंच नव्हता. पण त्यावर गवत उभं होतं, कमरेएवढं, पिवळंजर्द. गवतातून ऐनाची, किंजळीची, मोहाची कोवळी झाडं डोकं काढून होती. ती कोणी लावलेली नव्हती. तोडलेल्या झाडांच्या खुंटांना सात वर्षांत फुटलेली, न जळता उरलेली. बाजूच्या दोन काळ्या डोंगरांमध्ये तो असा उभा होता की मी प्रसादला गाडी थांबवायला लावली.

"खाली विहीर आहे," प्रसाद म्हणाला. "पूर्वी फेब्रुवारीतच तळ दिसायचा. आता एप्रिल निघतो. म्हणून राखतात, सर. फोटोसाठी नाही."

हे वाक्य मी भाषणात वापरायचं ठरवलं.

कार्यक्रम गावाबाहेर कापणी झालेल्या एका खाचरात होता. मांडव घातला होता खालापूरच्या मुनीरभाईंनी. मांडव, खुर्च्या, माईक सगळं त्यांचं. स्वतःच टेंपो चालवत येतात, स्वतःच स्पीकरच्या पेटीशी बसतात. पन्नाशीचा माणूस, पांढरी दाढी, कानात कायम कापसाचा बोळा. मी बोळ्याकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"तीस वर्षं भाषणं ऐकतोय, सर," ते म्हणाले. "डॉक्टरने सांगितलंय, आता जपायचं."

मोहोपाड्याच्या एका कॉलनीतून बस आली. साजगावहून प्रसादचे सोबती आले, दोन रिसॉर्टमधले काही पाहुणेही आले. सकाळ खरोखर झकास गेली, हे कबूल करायला हवं. रस्सीखेचीत गावच्या बायकांनी कारखान्याच्या पोरांना ओढून बांधावर पाडलं. एका बाईने पदर खोचत विचारलं, "काय रं, कँटिनचं जेवण पुरत नाय का?" आणि अख्खं खाचर हसलं.

खाचराच्या पलीकडच्या कडेला, डोंगराच्या बाजूला, पोपटी लागली होती. ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, वर पुन्हा पाला. मडकं जमिनीवर उपडं करायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचं. पाणी घालत नाहीत. पाल्याच्या ओलाव्यावर शिजतं. वास असा की पोटभर जेवलेला माणूसही वळून बघेल. माणसं दीडशेच्या वर होती म्हणून मडकी तीन खेपांत लागणार होती. त्यामुळे त्या कडेला धूर सतत होता. हे लक्षात ठेवा.

पहिली खेप पेटल्यावर अनंतादादा सुगंधामावशीला घेऊन आले. अनंतादादा म्हणजे या पाच जणांचे म्होरके, भातशेती करणारे, बोलायला थोडके. मावशी साठीची, काटक. हातात पत्र्याचा डबा आणि एक दांडकं. वर धूर दिसला की ती डबा बडवते, मग गाव धावतं. इतकी साधी ती व्यवस्था. दोघांचं चाललेलं मी मांडवाजवळ उभा राहून ऐकलं.

"मी आले आन् वर कोण बसंल? तुझा बा?"

"माझा बा मेला, त्याला कशाला उठवतेस गं? तासाभराचा तर सवाल हाय."

"तासात काय काय जळतं ते तुला म्हायती नाय का रं?"

"साहेब पुण्यावरनं आलेत. तुझं नाव त्यांनी सोता लिवलंय. बरं दिसतं का?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. तिने डबा खुर्चीखाली ठेवला आणि पदर सारखा करून व्यासपीठावर बसली. पाच खुर्च्या, पाच जण. मी तृप्त झालो.

आता कोण कुठे बसलं होतं ते नीट सांगतो, कारण माझी लाज त्यातच आहे. लोकांची डोंगराकडे पाठ होती. व्यासपीठाचं तोंड डोंगराकडे होतं. म्हणजे त्या सगळ्या जमावात डोंगर समोर होता तो व्यासपीठावरच्या पाच जणांच्या, बाजूला पेटीशी बसलेल्या मुनीरभाईंच्या आणि माझ्या. मी उभा होतो. सगळ्यात स्वच्छ मलाच दिसत होता.

सव्वाबाराला मी माईक हातात घेतला.

काय बोललो? सगळं बोललो. मेलेल्या नद्या, विकलेल्या टेकड्या, कुठल्या कुठल्या देशांत लोकांनी जंगलं कशी परत आणली. 'फोटोसाठी नाही, विहिरीसाठी' हे प्रसादचं वाक्य माझं म्हणून टाकलं, टाळ्या आल्या. मावशीकडे बोट दाखवून म्हणालो, "ही माउली सात वर्षं एक क्षणही डोंगरावरून नजर हटवत नाही!" तेव्हा ती मला दिसेल अशी, माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेली होती आणि तिची नजर हटवून मीच तिला तिथे आणलेलं होतं. हे मला त्या क्षणी जाणवलंही नाही.

वीस मिनिटांनी प्रसादने चिठ्ठी आणून दिली. मी ती वाचली, खिशात घातली आणि म्हणालो, "हे आमचे विद्यार्थी. आता आम्हाला घड्याळ शिकवतात!" हशा. प्रसादही हसला, कारण लोक त्याच्याकडे बघत होते.

त्यानंतर किती वेळाने ते नक्की सांगता येणार नाही, पण मावशी उभी राहिली.

मी तिच्याकडे बघितलं. ती पलीकडच्या कडेला बघत होती. तिथे धूर होता. पोपटीचा धूर, मला वाटलं. दुसरी खेप नुकतीच लागली होती. बाईमाणसाला चुलीवरचं करपायची काळजी, असा एक विनोद मला तिथल्या तिथे सुचला आणि मी तो माईकवरून केला.

"मावशी, बसा, बसा! पोपटी काही पळून जात नाही. आज तुम्ही पाहुण्या. आज करपली तर आम्ही करपलेली खाऊ!"

लोक हसले. टाळ्या वाजल्या. मावशी उभीच होती. "तसं नाय ओ..." असं काहीतरी तिने म्हटलं. माझ्या हातात माईक होता, तिच्या नव्हता. मी हाताने बसायची खूण केली, दोनदा केली. अनंतादादांनी तिचा पदर हलकेच ओढला. पाहुणा बोलत असताना व्यासपीठावरून उठून जाणं आपल्याकडे वाईट दिसतं. ती बसली.

आणि मी पुढे बोलत राहिलो.

मग माईक बंद पडला. माझ्यासारख्या वक्त्याला असं झालं की चेव येतो. वीज गेली असेल, म्हणून मी दोन पावलं पुढे आलो आणि छातीतून आवाज काढला. "मला यंत्राची गरज नाही! ज्याचं म्हणणं खरं असतं..." हे वाक्य पूर्ण झालं नाही. मुनीरभाई पेटी सोडून माझ्यासमोर येऊन उभे राहिले होते. इतक्या जवळ की मला थांबावंच लागलं.

"सर, लाईट गेली नाय. मी बंद केलं. डोंगर बघा."

मी बघितलं. पोपटीच्या निळसर धुराच्या मागे, वर, उजव्या अंगाला, दुसरा धूर होता. पिवळट पांढरा, दाट, वळत वळत चढणारा. त्याच्या तळाशी एक बारीक नारिंगी रेघ होती. दुपारचा वारा तिला वर ढकलत होता.

मावशी तोवर व्यासपीठावरून उडी टाकून धावत सुटली होती. धावताना डबा बडवत होती, पण आता कोणाला बोलवायचं होतं? सगळं गाव तर माझ्यासमोर बसलं होतं.

पुढचे तीन तास मी थोडक्यात सांगतो. गावातले सगळे, कॉलनीतले पंधरा-वीस आणि प्रसादचे सोबती वर गेले. करंजाच्या, जांभळीच्या ओल्या फांद्या तोडून आग दाबत गेले. मीही गेलो. अर्ध्या चढावर माझा श्वास संपला. फांदी उचलून मी आगीवर दाणदाण मारायला लागलो, तर अनंतादादा माझ्यावर ओरडले, "सर, वरनं मारू नका, ठिणग्या उडतात! दाबा! नायतर बाजूला व्हा!" मी बाजूला झालो. ज्या विषयावर मी आयुष्यभर बोललो, त्यात माझ्या हाताला करता येण्यासारखं काहीही नव्हतं.

जानेवारीत या लोकांनी डोंगराच्या मधून गवत साफ करून एक पट्टा काढला होता, आग पलीकडे जाऊ नये म्हणून. त्या पट्ट्यावर आग अडली. डावं अंग वाचलं. उजवं सगळं गेलं. ऐन, किंजळ, मोह, सात वर्षांचं. विहिरीचं पाणी येतं ते त्याच अंगाने.

आग कोणी लावली ते कळलं नाही. पायथ्याशी एक विझलेली चूल आणि दोन बाटल्या सापडल्या. मी तावातावाने म्हणालो, "अशा लोकांना धडा शिकवला पाहिजे!" अनंतादादांनी तोंडावरची राख पुसली आणि म्हणाले, "सर, आग तर दर रविवारी कोणतरी लावतंय. गेल्या महिन्यात दोनदा लावली. मावशीनं लांबनं बघितली, आमी चौघांनी इझवली. बैलगाडीएवढी जागा जळली असंल. लावणारं कायम हाय. बघणारं नव्हतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. 

परत खाली आलो तर खाचर रिकामं झालं होतं. बस निघून गेली होती. नावनोंदणीच्या टेबलावर कोरी वही पडली होती. तिसऱ्या खेपेची मडकी कोणी फोडलीच नव्हती. मुनीरभाई खुर्च्या एकात एक घालत होते. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

त्यांनी कानातला बोळा काढला. "मावशी उठली तेव्हाच मला धूर दिसला होता, सर. पण मला वाटलं तुमी थांबाल. तुमच्या समोरच तर होता." मग खुर्ची उचलत म्हणाले, "चालू भाषणात मी माईक कधी बंद केला नाय. तीस वर्षांत. आज केला तो पण उशिरा."

म्हणजे त्यांनाही माझ्यामुळे लाज वाटत होती. ती त्यांची नव्हती.

सोमवार

रविवारची रजा संपून प्रसादला पहाटेची शिफ्ट होती. आदल्या संध्याकाळपासून तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता. निघताना म्हणाला, "सर, पुण्याची एसटी आठपासून आहे. पाणी तापवून ठेवलंय." दारात थांबला. "मी गावातल्यांना सांगितलं होतं, आमचे सर आले की लोक जागचे हलत नाहीत." आणि गेला.

मी पुण्याची एसटी धरली नाही. खोपोलीहून शेअर रिक्षाने कर्जत, तिथून नेरळ, मग टमटम. कालच्या रस्त्याला मोटरसायकलवर लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला. वाटेत काय बोलायचं ते मी पुन्हा जुळवत होतो, हेही लिहून टाकतो. सवय इतकी मुरलेली असते.

माफीची वाक्यं घेऊन मी डोंगर चढलो. राख अजून गरम होती, चपलेच्या तळव्याला लागत होती. माथ्यावर एका ऐनाखाली मावशी बसली होती. शेजारी पाण्याची बाटली, डबा, दांडकं. उजव्या हाताला फडकं बांधलेलं.

"आज तुमची पाळी नाही ना?" मी विचारलं.

"अनंताच्या डोळ्यात धूर गेलाय. सुजलेत. म्हून मी आले." मग म्हणाली, "ऱ्हायलंय तेवढं तर बघाया पायजे."

मी बोलायला सुरुवात केली. माझी चूक, माझा अहंकार, माझ्या शब्दांमुळे वगैरे. तिने थोडं ऐकलं आणि हात वर केला. मी जशी खूण तिला केली होती, जवळजवळ तशीच.

"सायेब, थांबा जरा. तुमी काय काडी लावलीत? नाय ना? मंग. तुमी मला बसवलंत, ते खरं. पन मी बसले का, ते मला कालधरनं उमजत नव्हतं. धूर तर मी वळखला होता. गवताचा धूर मला झोपेत बी कळतो."

तिने मान वळवली. डाव्या, वाचलेल्या अंगाकडे बघत राहिली.

"मला शाल पायजे होती," ती म्हणाली. "सात वर्सांत कोणी काय दिलं नाय. घरचे येडी म्हनतात. गावात बायका इचारतात, काय गं, डोंगराशी लगीन लावलंस काय? मला वाटलं, लेकीला दाखवीन. आता उठून गेले तर शाल ऱ्हाईल. म्हून बसले. दोन मिन्टांसाठी बसले, बघा."

मी तिच्या शेजारी बसलो.  तिच्या सात वर्षांत तिला एकदाच मोह झाला, आणि तो मी पेनाने यादीत नाव लिहून तिच्यापुढे ठेवला होता. मला माझी लाज वाटत होतीच. पण तिची लाज बघणं जास्त कठीण होतं, कारण ती माझ्या वाट्याची होती आणि ती बाई ती स्वतःच्या नावावर घेऊन बसली होती.

मग मी विचारलं, "मी काय करू?"

"काय नका करू."

"नाही मावशी, खरंच सांगा."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, माणूस कितपत कामाचा आहे ते जोखतात तसं. मग बोटं मोजली. "सोमवार अनंता. मंगळवार, शुक्रवार, शनिवार ते तिघं. गुरवारी तो परसाद येतो, त्याची सुट्टी असते. आयतवार माझा. बुधवारचा गडी औंदा रिसॉर्टवर डायवर झाला. बुधवारी वर कोण नसतं. अकरा ते पाच." मग म्हणाली, "बसाया कोणबी चालंल. फकस्त डोळं पायजेत. आन् डबा वाजवाया आला पायजे."

"कार्यक्रम पुन्हा करायचा झाला तर..."

"कार्यक्रम कशाला? मंग सगळी खालीच येतात."

घरी

पुण्याला परतल्यावर प्रसादचा फोन यायला नऊ दिवस लागले. पाच शाली त्याच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशवीत पडून होत्या. त्याने त्या घरोघरी नेऊन दिल्या. चौघांनी घेतल्या. मावशी म्हणाली, पुढच्या वर्षी बघू.

मी पुढची दोन व्याख्यानं रद्द केली. ते काही प्रायश्चित्त नव्हतं. उभं राहिलो की समोरच्यांच्या मागे बघायला लागतो आणि वाक्य तुटतं. मला अजूनही वाटतं की जमावापुढे बोललं पाहिजे, माणसं हलवली पाहिजेत, आणि असे मजेचे दिवसही भरवले पाहिजेत, कारण त्या सकाळी रस्सीखेच हरलेली पोरंच दुपारी सगळ्यात पुढे आग दाबत होती. चूक लोकांना बोलावण्यात नव्हती. काम करणाऱ्यांना कामावरून उठवून दाखवायला आणण्यात होती. लोकांना डोंगरावर न्यायचं सोडून मी डोंगरावरचा माणूस लोकांपुढे आणला.

दोन बुधवार मी वर बसून आलो. सहा तास. पुस्तक नेलं होतं, ते पिशवीतून काढलं नाही, कारण वाचायला मान खाली घालावी लागते. पहिल्या बुधवारी काहीच झालं नाही. दुसऱ्या बुधवारीही नाही. खाली एक गाडी थांबली, दोघं उतरले, वर माणूस बसलेला बघितला आणि पुन्हा गाडीत बसून पुढे गेले. एवढंच. सहा तासांत मी कोणाशी एक शब्द बोललो नाही. विहिरीचं पाणी या वर्षी कुठपर्यंत टिकेल ते अजून कोणालाच माहीत नाही.

म्हणून, हा मजकूर वाचून हळहळणार असाल तर हळहळू नका. माझ्यावर चिडणार असाल तर जरूर चिडा, पण तेवढ्यावर थांबू नका. रविवार मला नको, रविवारी तुम्ही तसेही येता. मला तुमचा एक बुधवार हवा आहे. पाऊस लागेपर्यंतचा कुठलाही एक. ऑफिसला रजा टाका, सकाळी नेरळला पोहोचा, टमटम पकडा, डब्यात पोळीभाजी आणि दोन बाटल्या पाणी घ्या. अकरा ते पाच त्या ऐनाखाली बसा आणि डोंगरावरून नजर काढू नका. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, तिथे आणखी एक कमान उभी राहायला नको. ज्याला यायचं आहे त्याला कळवेन. खाली फक्त नाव आणि तारीख लिहा. मत नको, कौतुक नको, अंगठा नको. येणाऱ्या बुधवारची जागा रिकामी आहे. ती तारीख तुमच्या नावासकट आत्ता लिहा.